लग्नाच्या गाद्या आणि वरचं पाणी

कारंज्याला आम्ही राहत होतो त्या वर्षांत नळाला ठरलेली वेळ नव्हती. उन्हाळ्यात तो एक दिवसाआड यायचा, पण सकाळी येईल, भर दुपारी येईल की आपण पहिला घास तोंडात घातल्यावर येईल, हे पाणी सोडणाऱ्या माणसालाही बहुधा माहीत नसावं. म्हणून गावात बहुतेक घरांत एकच पद्धत होती. कोरड्या नळाची तोटी पूर्ण उघडी ठेवायची आणि तिच्याखाली रिकामं भांडं ठेवायचं. आमच्या न्हाणीत जर्मनचा मोठा गंज होता. पातेल्याला तिकडे गंज म्हणतात. पाणी यायच्या आधी नळ फुरफुरायचा, दोनदा खोकायचा, आणि मग धार त्या गंजाच्या बुडावर अशी आदळायची, की घरातलं माणूस हातातलं काम टाकून धावायचं. शेजारी परात वाजायची, पलीकडे तेलाचा रिकामा पिपा. आवाजावरून कोणाकडे पाणी आलं हे घरबसल्या कळायचं.

मी नागपूरला कॉन्व्हेंटमध्ये शिकले, पुढे कॉलेजही तिथेच, होस्टेलवर राहून. कारंज्याला यायचे ते सुट्टीपुरती. त्यामुळे गावात माझी ओळख 'वरची इंग्रजी शाळेवाली' एवढीच होती, आणि ती पुसावी असं काही मी केलं नव्हतं. कोणी बोललं तर उत्तर द्यायचे. उत्तर मनात जुळवेपर्यंत समोरचं माणूस बरेचदा निघून गेलेलं असायचं.

आमचं घर म्हणजे भाड्याची माडी. वडील सरकारी नोकरीत, बदली होऊन आलेले. खाली घरमालक. त्यांचं हायवेवर हार्डवेअरचं दुकान होतं आणि गावाबाहेर शेत. त्यांना आम्ही काका म्हणायचो, त्यांच्या पत्नीला काकू आणि मुलीला ताई. ताई माझ्यापेक्षा तीन-चार वर्षांनी मोठी. ती दिवसातून दोनदा तरी वर यायची, माझी मासिकं चाळायची, आणि मी न बोलता बसले तरी तिला ते चालायचं.

काकू मात्र दोन वर्षांत एकदाही वर आल्या नव्हत्या. गुडघे दुखतात म्हणायच्या. दुखतही असतील. आमच्या बाहेरच्या खोलीत, दार उघडलं की समोरच बुद्धाची तसबीर होती, आणि आईनं काकूंच्या गुडघ्यांची कधी फार चौकशी केली नाही. भाजीची वाटी, विरजण, वर्तमानपत्र, जे काही द्यायचं-घ्यायचं असेल ते जिन्याच्या मधल्या पायरीवर व्हायचं. बाकी काकूंच्या आवाजाला जिना लागत नसे. त्या अंगणात उभं राहून बोलायच्या आणि आई गॅलरीतून. सगळ्या गल्लीला दोघींच्या घरचा स्वयंपाक माहीत असायचा.

त्या वैशाखात ताईचं लग्न होतं. मुलगा जामचा, चौफुलीवर त्यांचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान. लग्न आमच्याच अंगणात व्हायचं होतं. महिनाभर आधीपासून खालच्या कोपऱ्यातल्या खोलीत ताईबरोबर पाठवायचं सामान जमा होत होतं: कपाट, भांडी, आणि सगळ्यांत वर रचलेल्या दोन गाद्या, दोन रजया, चार उशा. या गाद्यांवर काकूंचा फार जीव होता. शेतातल्या पहिल्या वेच्याचा कापूस त्यांनी दिवाळीनंतर वेगळा काढून ठेवला होता. काका सगळा कापूस विकायला निघाले तेव्हा त्या गठ्ठ्यावर बसून राहिल्या होत्या, असं ताई सांगायची. मग सरकी काढून आणली, चैत्रात पिंजाऱ्याला अंगणात दोन दिवस बसवलं आणि गाद्या भरून घेतल्या. पिंजारी म्हातारे होते, त्यांना सगळे चाचा म्हणायचे. बाजारात तयार गाद्या मिळतात, असं कोणी काकूंना म्हणालं तर त्या म्हणत, बाजारच्या गादीत कोणाच्या घरचा कचरा भरला असते ते काय दिसते? पोरगी सासरी गेली तरी पाठीखाली घरचं शेत असलं पाहिजे.

लग्नाला पाच दिवस उरले होते. खाली पाहुणे भरले होते. आदल्या खेपेला नळ आला तो नेमका दुपारी, सगळे कूलरसमोर आडवे झालेले असताना. आमचा गंज दणाणला. खाली काकूंची एक आत्या दचकून उठली आणि भांडी पडली, भांडी पडली म्हणून ओरडायला लागली. काकूंनी अंगणातून विचारलं, "काऊन वं बाई, तुमचा गंज हाय का देवळातली घंटा?" खाली सगळे हसले. आई गॅलरीतून हसली. मला मात्र ते दिवसभर लागून राहिलं. माझ्यामुळे एका म्हाताऱ्या बाईची झोप मोडली, आणि तेही परक्या घरात.

म्हणून पुढच्या खेपेला, आई सकाळच्या गाडीनं रोहण्याला मामाकडे मिरच्या आणायला गेली आणि नळाची राखण माझ्याकडे आली, तेव्हा मी एक शहाणपण केलं. माझा जाडा टॉवेल चौपदरी घडी करून गंजात घातला. धार टॉवेलवर पडेल, धप्प असा आवाज होईल, तो मला ऐकू येईल आणि खाली जाणार नाही. मग मी मधल्या खोलीत कूलर लावला, कादंबरी घेतली आणि पलंगावर पडले.

कूलर चालू असताना त्या खोलीत कोणी शेजारी बसून बोललं तरी ऐकू येत नसे. हे मला दोन वर्षांपासून माहीत होतं.

जाग आली तेव्हा माझी एक चप्पल पलंगाखालून निघून सावकाश गॅलरीच्या दाराकडे चालली होती. तिच्यामागून एक कांदा. मी काही क्षण त्यांच्याकडे बघत राहिले. मग पाय खाली सोडले ते घोटाभर पाण्यात.

न्हाणीत गंज भरून वाहत होता. टॉवेल त्यातून तरंगत बाहेर आला होता आणि मोरीच्या जाळीवर नीट पसरला होता, जणू कोणी मुद्दाम अंथरला असावा. मी तोटी बंद केली, टॉवेल खेचला, आणि पाणी गुरगुरत मोरीत उतरायला लागलं. मग स्वयंपाकघर, मधली खोली, पाण्याची कड कुठवर गेली ते बघत गेले. मधल्या खोलीच्या कोपऱ्यात स्लॅबला एक जुनी भेग होती. तिथे पाणी साचलं नव्हतं. तिथून ते जात होतं. तो कोपरा कोणत्या खोलीच्या वर येतो, हे लक्षात आलं आणि मी अनवाणीच जिना उतरले.

खिडकीतून आत पाहिलं. छताला लटकणाऱ्या बल्बच्या वायरवरून पाण्याची बारीक धार उतरत होती आणि थेट वरच्या रजईवर पडत होती. रजईचा गुलाबी रंग मधोमध काळपट झाला होता.

बैठकीच्या खोलीत वीसेक माणसं झोपली होती, दोन कूलर घोंघावत होते. मी दारात उभी राहून "काकू" म्हणाले. होस्टेलच्या वाचनालयात जसं बोलतात तशा आवाजात. पुन्हा "काकू" म्हणाले. तिसऱ्यांदा माझ्या तोंडून 'एक्सक्यूज मी' निघालं, आणि ते ऐकायला कोणी जागं नव्हतं याचा मला आजही आनंद आहे.

वडिलांनी लहानपणापासून एक गोष्ट घोकून घेतली होती. पाणी आणि वायर एकत्र दिसले की बाकी सगळं नंतर, आधी मेन स्विच. तो जिन्याखाली होता, साऱ्या घराचा एकच. मी कोरडा फडा, म्हणजे लांब दांड्याचा झाडू, घेऊन त्याच्या दांड्यानं खटका खाली ओढला.

दोन्ही कूलर गप्प झाले. कारंज्याच्या वैशाखात कूलर बंद पडल्यावर कोणी झोपून राहत नाही. आतून एकेक डोकं वर यायला लागलं. कोणी म्हणालं लाईन गेली. कोणी म्हणालं, येते पाच मिनटांत. काका पदराएवढ्या टॉवेलनं मान पुसत बाहेर आले.

"गेली नाही," मी म्हणाले. "मी बंद केली. कोपऱ्यातल्या खोलीत गाद्यांवर पाणी पडतंय. वरून."

दोन वर्षांत मी त्या घरात एका दमात इतकं बोलले नव्हते.

काकू ओरडतील अशी मी तयारी केली होती. त्या ओरडल्या नाहीत. खोलीच्या दारात उभं राहून त्यांनी एकदा छताकडे पाहिलं, एकदा गाद्यांकडे, आणि पदर खोचला. मग एकेकाला कामाला लावलं. धारेखाली कोपर लावा, ती मोठी परात. कपाट सरकवा. उशा वाचल्या हायेत, त्या आधी बाहेर. ताईला आणि मला वर पिटाळलं, वरचं पाणी काढल्याशिवाय खालची धार थांबत नाई म्हणून. आम्ही दोघी फडे घेऊन पाणी ढकलत होतो, काही न्हाणीकडे, काही गॅलरीच्या पन्हाळीकडे. उरलेलं पोत्यांनी टिपलं. ताई मधेच हसायला लागली. माझा कांदा तिला गॅलरीच्या दारापाशी, वडिलांच्या बुटात सापडला होता. मी हसले नाही. मला वाटत होतं, तिचंच नुकसान झालंय आणि तीच मला धीर देते आहे.

खाली हिशेब लागला तो असा. एक रजई आणि एक गादी पार भिजलेली, दुसरी गादी अर्धी. भिजलेली गादी चार माणसांना उचलेना. अंगणात मांडव घातलेला, सावली. ऊन फक्त गच्चीवर होतं, आणि गच्चीचा जिना आमच्या दारातून होता.

काकू पुढे झाल्या. मागून गादी घेऊन माणसं, आणि त्यांना वाट दाखवत काकू जिना चढत होत्या. डावीकडे घ्या, भिंतीले घासू नका, असं म्हणत मधली पायरी त्यांनी ओलांडली, आमची बाहेरची खोली ओलांडली, आणि गच्चीवर पोचल्या. मी दाराआड पोतारं धरून उभी होते.

वर वाद झाला. एक पाहुणे म्हणाले, गादी अख्खीच दोन दिवस उन्हात टाका, वाळते. काकूंनी ऐकलं नाही. "वरून वाळते अन् आतून उबते. मंग तो वास लग्नानंतर बी जात नाई. आत्ताच उसवा." कोणी ब्लेड आणलं, कोणी दाभण. काकूंनी स्वतः पहिला टाका कापला. अख्ख्या दिवसात त्यांचा चेहरा मला तेव्हाच उतरलेला दिसला, नव्या गादीपाटावर ब्लेड चालवताना.

गच्ची तव्यासारखी तापली होती. ओली पोती अंथरून त्यांवर बायका रांगेनं बसल्या, पदर डोक्यावरून कपाळापर्यंत ओढून. भिजलेल्या कापसाचे गोळे हातात घ्यायचे, पिळायचे, आणि बोटांनी सोडवून पातळ पसरायचे. मी रांगेच्या टोकाला बसले होते. शेजारी काकू.

त्यांनी चार-पाच गोळे सोडवून पसरले. मग म्हणाल्या, "एक सांग. तुमचा गंज तं गावभर वाजते. आज काऊन नाई वाजला?"

नळ उघडा राहिला एवढंच सांगून भागलं असतं. उघडे नळ सगळ्यांचेच राहतात. सगळी रांग ऐकत होती.

"मी त्यात टॉवेल घातला होता," मी म्हणाले.

"टॉवेल? कायले?"

"तुमच्या आत्यांची झोप मोडू नये म्हणून."

काकूंचे हात थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पलीकडे बसलेल्या आत्याकडे, मग गच्चीभर पसरलेल्या कापसाकडे.

"म्हणजे आमची झोप मोडू नाई म्हणून तू आमचं घर बुडवलं," काकू म्हणाल्या. आणि हसायला लागल्या. त्या हसल्या की अंगभर हसायच्या. रांगेतून हसू पलीकडे गेलं, दुसऱ्या टोकाला आत्यांपर्यंत पोचलं. गलक्यात त्यांना नीट ऐकू आलं नव्हतं, त्यांना पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं. मग त्याही हसल्या, आणि म्हणाल्या, पोरगी मोठी गुणाची हाय, पण तिले कामाले लावू नका. मी मान खाली घालून कापूस सोडवत होते. माझे कान तापले होते, पण मग मीही हसले.

चारच्या सुमाराला वावटळ आली. आमच्याकडे उन्हाळ्यात त्या रोजच येतात, धुळीचा एक खांब रस्त्यानं नाचत जातो आणि विरतो. पण त्या दिवशी गच्चीवर दोन गाद्यांचा कापूस मोकळा पडला होता. पहिल्या फुंकरीलाच पांढरे पुंजके कठड्यावरून उडाले. बायका कापसावर आडव्या पडल्या. कोणी मच्छरदाण्या आणायला पळालं. मी खाली आमच्या घरात गेले, आईचं कपाट उघडलं आणि हाताला लागतील त्या साड्या घेऊन वर आले. आम्ही त्या ताणून टाकल्या, कडांना विटा ठेवल्या. थोडा कापूस गेलाच. समोरच्या कडुलिंबावर बसला, विजेच्या तारांना लटकला, आणि पुढे हायवेवर धाब्यासमोर उभ्या असलेल्या ट्रकच्या ताडपत्रीवर जाऊन पडला. तेवढ्यात तो ट्रक निघाला. काका कठड्यावरून बघत म्हणाले, "जाऊ द्या. थोडा अमरावतीले बी गेला पाहिजे."

वावटळ गेल्यावर मी खाली येऊन बाहेरच्या खोलीत पोतारं पिळत होते तेव्हा काकू गच्चीवरून उतरून आल्या. घामानं निथळत होत्या. त्या थेट स्वयंपाकघरात गेल्या, माठावरचं झाकण काढलं, गडवा बुडवला आणि उभ्यानंच गटागटा प्यायल्या. दुसऱ्यांदा बुडवला. मी पोतारं पिळतच राहिले. त्यात पाणी उरलं नव्हतं.

संध्याकाळी चाचा आले. त्यांनी साडी उचलून कापसाचा एक पुंजका घेतला, गालाला लावला आणि मान हलवली. अभी नाई. ओला कापूस धुनकीची ताँत, म्हणजे पिंजायच्या धनुष्याची दोरी, तोडते. कल दोपहर के बाद. मग ते उकिडवे बसून कापूस निवडायला लागले. स्लॅबमधून झिरपलेल्या पाण्याबरोबर सळ्यांच्या लोखंडी गंजाचे आणि चुन्याचे पिवळे डाग उतरले होते. डागाचा कापूस ते एका बाजूला टाकत होते, आणि तो ढीग वाढत होता. शेवटी हात झटकून म्हणाले, रजई होते, एक गादी होते. दुसऱ्या गादीला कमी पडते.

हसणं तिथे थांबलं. वैशाखात कोणाच्याच घरी कापूस नसतो. होळीपर्यंत सगळा विकून झालेला असतो. काका म्हणाले, दुकानातून रुई आणून मिसळू. काकू म्हणाल्या, मिलचा कचरा माह्या पोरीच्या गादीत जाणार नाई. ताई म्हणाली, आई, पातळ राहू दे ना गादी, काय होते. काकू कठड्याला टेकून बसल्या आणि त्या डागाळलेल्या ढिगाकडे बघत राहिल्या. त्यांनी एक शब्दही मला लावला नव्हता. तो लावला असता तर बरं, असं मला वाटलं.

आई तेवढ्यात आली. मिरच्यांची पिशवी खांद्याला, आणि नजर गच्चीवर पसरलेल्या आपल्या साड्यांवर. मी तिला खाली गॅलरीत नेऊन सगळं सांगितलं, टॉवेलापासून. ती रागावेल म्हणून मी भरभर बोलत होते. तिनं मधे एकदाच विचारलं, "कमी किती पडतंय?" मी म्हणाले, अर्ध्या गादीएवढं.

ती आत गेली. माळ्यावरून तिनं एक गादी ओढून काढली. ती माझी गादी होती. मी सुट्टीला आले की माझ्यासाठी म्हणून तिनं हिवाळ्यात भरून घेतली होती, पण उन्हाळ्यात मी नुसत्या चादरीवर झोपायचे, म्हणून ती वर पडून होती. आईनं ती गच्चीवर नेली आणि काकूंच्या समोर ठेवली.

"रोहण्याचा कापूस हाय, माह्या भावाच्या वावरातला," आई म्हणाली. काकूंशी बोलताना तिची भाषा तिच्या माहेरची व्हायची. "पोरीनं भिजवलं, तं पोरीच्याच गादीतून जाऊ द्या."

चाचा आपल्या बोटांकडे बघत होते. पाहुण्यांपैकी एक बाई दुसरीकडे पाहून काहीतरी म्हणणार होती आणि थांबली. आई तशीच उभी होती, हात पुढे न करता, नजर न वळवता. तिला तसं उभं राहिलेलं मी आधीही पाहिलं होतं, दुसऱ्या गावांत, दुसऱ्या दारांत.

काकूंनी गादी ओढून मांडीशी घेतली. कोपऱ्याचा टाका उसवला, दोन बोटं आत घालून चिमूटभर कापूस काढला आणि हळूहळू ताणला. तो तुटेपर्यंत त्या बघत होत्या.

"धागा लांब हाय," त्या म्हणाल्या. "पह्यल्या वेच्याचा हाय वाटते."

"पह्यल्याच," आई म्हणाली.

"घ्या चाचा," काकू म्हणाल्या. मग आईकडे वळून, "पण मंग हे पोरगी कशावर झोपन?"

"सतरंजीवर. तिची तेच शिक्षा हाय."

काकूंना पुन्हा हसू आलं. दुसऱ्या दिवशी दुपारी चाचा गच्चीवरच बसले. धुनकीचा टँव टँव आवाज सगळी दुपार घरात भरून राहिला. खालचा कापूस आणि आमचा कापूस एकाच ढिगात पडत होता आणि फुगत होता, आणि संध्याकाळपर्यंत कुठला कुठला हे चाचांनाही सांगता आलं नसतं. गादी भरून झाल्यावर काकूंनी दाभण माझ्या हातात दिलं. मला शिवता येत नाही, असं मी म्हणाले. त्या म्हणाल्या, बुडवता येते तं शिवता बी येते. मी एक रांग घातली. ती नदीसारखी वळत गेली. चाचांनी ती उसवायला हात घातला, तर ताईनं त्यांना राहू द्या म्हटलं. जामला कोणी विचारलं तर माझी मैत्रीण इंग्रजी शाळेत शिकली आहे, असं सांगेन, म्हणाली.

लग्न झालं. मी मांडवात वाढायला होते, आणि मला ओळखणारे पाहुणे एकमेकांना हळूच सांगत होते, हेच ते टॉवेलवाली. संध्याकाळी जामहून आलेला टेम्पो दारात लागला आणि सामान निघालं. कपाट गेलं, भांडी गेली. गाद्या अंगणात आल्या तेव्हा नवरदेवाचे मोठे काका खुर्चीवरून उठले. त्यांनी वरच्या गादीवर तळवा ठेवला, दाबला, सोडला, आणि कापूस कसा वर येतो ते पाहिलं. त्यांच्याकडे तशी रीत असावी. आई जिन्याजवळ उभी होती. मी तिच्या मागे.

"कापूस घरचा हाय काय?" त्यांनी विचारलं.

"घरचाच," काकू म्हणाल्या, आणि आईकडे हात केला. "थोडा आमचा अन् थोडा यायच्या घरचा. रोहण्याचा हाय, धागा लांब हाय."

त्यांनी आईकडे पाहिलं. पुन्हा एकदा गादी दाबली.

"बम मऊ झाली," ते म्हणाले. "चढवा."

टेम्पोजवळ दोन-तीन माणसं पुढे आली. काकूंनी त्यांना बाजूला व्हायला सांगितलं. गादीचं एक टोक त्यांनी स्वतः धरलं आणि आईला दुसरं धरायला बोलावलं. आईनं पदर खोचला. दोघींनी एकदम श्वास घेतला, गादी उचलली आणि टेम्पोत सरकवली.